रक्त आमचं, प्रश्न कोणाचा? आयसीएमआरच्या इतिहासाकडे पाहताना

कोविडच्या दोन वर्षांत आयसीएमआर हे नाव घराघरांत पोहोचलं. कोणती टेस्ट करायची, कोणतं औषध द्यायचं, लस कधी येणार, या प्रत्येक बातमीत ते असायचं. पण ही संस्था मुळात काय करते, आणि सरकारचा संशोधनाचा पैसा कोणत्या आजारावर खर्च करायचा हे तिथे कोण ठरवतं, याची चर्चा आपल्या चळवळीत जवळजवळ होत नाही. आपण शिक्षणावर बोलतो, आरक्षणावर बोलतो, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये पोलीस ठाण्यासमोर बसतो. वैद्यकीय संशोधन मात्र डॉक्टरांचा विषय म्हणून सोडून देतो. ते आपल्याला किती महाग पडलं आहे, हे मला सिकलसेलच्या कामात कळलं.

नागपूरच्या एका वस्तीत आम्ही सिकलसेलची माहिती द्यायला गेलो होतो. बुद्धविहाराच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे बोलायला लागले. सत्तरीच्या घरातल्या एका आजींनी मला मध्येच थांबवलं. "मागच्या खेपेलेही रगत नेलं होतं नं बाई, मंग त्याचं काय झालं?" मी विचारलं, कोणी नेलं होतं? कॉलेजची पोरं होती, पांढरे कोट होते, गाडी होती, एवढंच त्यांना आठवत होतं. नातवाचं रक्त घेतलं, नाव लिहिलं, जात लिहिली. रिपोर्ट आला नाही. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

सुरुवात मुंबईच्या प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असं इतिहासात लिहिलेलं असतं. तुरुंगातली स्वेच्छा किती स्वेच्छा असते, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवस्तीतल्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्याच साथीने त्यांनाही नेलं. एकाच वर्षातल्या या दोन घटना. आपण सावित्रीमाईंची आठवण काढतो आणि ते योग्यच आहे, पण त्याच साथीतून जी सरकारी यंत्रणा उभी राहिली तिच्याकडे आपण पाठ फिरवली.

ती यंत्रणा म्हणजे १९११ साली स्थापन झालेली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे परळला ज्या जागेला आज आपण हाफकिन म्हणतो तिथे झाली. अध्यक्ष होते सर हारकोर्ट बटलर. नावातच 'फंड' हा शब्द आहे, तो नीट वाचला पाहिजे. ही संस्था रुग्ण तपासायला जन्माला आलेली नव्हती. संशोधनाला पैसा देणं आणि देशभरातलं संशोधन एका सूत्रात बांधणं, हे तिचं काम. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिची खरी ताकद एकच होती: कोणता प्रश्न विचारण्याच्या लायकीचा आहे, हे ठरवणं.

वसाहतीच्या सरकारने त्या वेळी कोणते प्रश्न विचारले? प्लेग, कॉलरा, मलेरिया, काळा आजार. हे आजार गरिबांना मारत होते, यात वाद नाही. पण ते छावण्यांना, चहामळ्यांना, बंदरांना आणि महसुलालाही नडत होते. कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी पोषणावर काम केलं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था त्याच कामातून वाढली. त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांचा आहार उंदरांना घालून पाहिला आणि शिखांचा आहार उत्तम ठरवला. शास्त्र म्हणून ते मोलाचं होतं. पण गहू, दूध, भाजी ज्याच्या ताटात नाही त्याच्या ताटात ती का नाही, त्याला मजुरीत काय मिळतं, गावात त्याला दूध कोण देतं, हा प्रश्न उंदराच्या पिंजऱ्यात बसत नव्हता. तो विचारलाच गेला नाही.

१९४९ साली या असोसिएशनचं नाव बदलून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर झालं. पहिले संचालक डॉ. चिं. गो. पंडित. योगायोग असा, की त्याच १९४९ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे दाखवून दिलं. भारतात तो आजार असल्याची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लॅन्सेटमध्ये आला १९५८ साली. दीक्षाभूमीवरच्या १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जेमतेम दोन वर्षांनी. म्हणजे ज्या शहरात आपण नवा जन्म घेतला, त्याच शहरातून आपल्या रक्तातल्या आजाराची बातमी लंडनला पोहोचली होती. आपल्या घरांपर्यंत पोहोचायला तिला कित्येक दशकं लागली.

इथे कोणी म्हणेल, तेव्हा देश गरीब होता, पैसा नव्हता. म्हणून मद्रासचं उदाहरण देते. १९५६ मध्येच मद्रासला क्षयरोगाचं एक केंद्र सुरू झालं. आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे त्यात होते. प्रश्न साधा होता. टीबीच्या रुग्णाला सॅनेटोरियमची खाट, विश्रांती, दूध-अंडी मिळालीच पाहिजेत, की दाटीवाटीच्या झोपडीत राहून, नेहमीचंच निकृष्ट खाऊन, नुसत्या गोळ्यांनीही तो बरा होतो? जवळपास दोनशे रुग्णांना वर्षभर तीच औषधं दिली. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी. १९५९ साली निष्कर्ष आले. घरचे रुग्ण जवळजवळ तेवढेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नव्हतं. या एका अभ्यासाने जगभरची टीबीची उपचारपद्धती बदलली. सॅनेटोरियम परवडत नाही म्हणून मरणाऱ्या माणसाला वाचवता येतं, हे गरिबांच्या वस्तीतच सिद्ध झालं. त्यामुळे आयसीएमआरने आपल्या लोकांसाठी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. तो खोटेपणा होईल. गरीब माणसाची अडचण हाच प्रश्न केला, तर ही संस्था काय करू शकते, ते मद्रासने दाखवलं.

आणि प्रश्न दुसऱ्याच कोणाचा असला की काय होतं, तेही याच संस्थेच्या इतिहासात आहे.

अमेरिकेत अलाबामाच्या टस्कीगीमध्ये तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून चाळीस वर्षं सिफिलीस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचारावाचून ठेवलं, आजार कसा वाढतो ते बघायला. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. जुलै १९७२ मध्ये हे वर्तमानपत्रात आलं आणि जगभर निषेध झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, दिल्लीत आयसीएमआरच्या अखत्यारीत एक अभ्यास सुरू झाला. गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल आढळलेल्या ११५८ स्त्रियांवर नजर ठेवायची आणि कोणाचा बदल कर्करोगाकडे जातो ते पाहायचं. काहींना खरंच कर्करोग झाला. हे सगळं उजेडात आलं १९९७ साली. लेखी संमती घेतलेली नव्हती. तोंडी सांगितलं होतं, त्या काळी लेखी संमतीचे नियम नव्हते, असा खुलासा आला. टस्कीगी आणि दिल्ली तंतोतंत सारखे नाहीत, हे मला मान्य आहे. पण सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला 'तुमच्यावर संशोधन चालू आहे' हे समजेल अशा भाषेत सांगायचं, यासाठी नियमाची वाट पाहावी लागते का? २००० साली आयसीएमआरने सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामागे या प्रकरणाचाही धक्का होता.

तत्त्वं छापून झाल्यावर नऊ वर्षांनी खम्मम घडलं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदऱ्यात दहा ते चौदा वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. प्रकल्प पाथ या अमेरिकी संस्थेचा, सोबत आयसीएमआर. खम्मममधल्या कितीतरी मुली आश्रमशाळांत, वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी आणि दलित मुली होत्या. पालकांच्या जागी वॉर्डनने आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नाहीत, असं चौकशीत म्हटलं गेलं. ते मी इथे नाकारत नाही. एचपीव्हीची लस उपयोगी आहे आणि आपल्या मुलींनी ती घ्यावी, असंच मी वस्तीत सांगते. माझा मुद्दा सहीचा आहे. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या ७२ व्या अहवालात आयसीएमआरवर कडक ताशेरे ओढले. लसीला भारतात परवानगी मिळण्याआधीच, २००७ मध्ये, परिषदेने पाथशी करार केला होता, हेही समितीने नोंदवलं. एखाद्या इंग्रजी शाळेतल्या मुलींच्या वतीने मुख्याध्यापकांनी परस्पर सह्या केल्या असत्या का, याचं उत्तर वाचकाला माहीत आहे.

आता पुन्हा सिकलसेल. इथे मला आपल्याच चळवळीला एक प्रश्न विचारायचा आहे.

१९७० साली हॉवर्ड विद्यापीठातले काळे बालरोगतज्ज्ञ डॉ. रोलंड स्कॉट यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यात नवं औषध नव्हतं. त्यांनी फक्त हिशेब मांडला. १९६७ मध्ये अमेरिकेत सिकलसेलचे अंदाजे ११५५ नवे रुग्ण, सिस्टिक फायब्रोसिसचे १२०६, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे ८१३. आणि लोकवर्गणीतून जमलेला पैसा? सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख डॉलर, मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी ७९ लाख, सिकलसेलसाठी एक लाखापेक्षा कमी. सरकारी संशोधन निधीतही अशीच तफावत. रुग्ण जवळपास सारखे, पण एक आजार मुख्यतः गोऱ्या मुलांचा आणि दुसरा काळ्या मुलांचा. त्या आकड्यांना उत्तर देणं कोणाला जमलं नाही. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पार्टीने आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. मार्च १९७२ मध्ये ओकलंडच्या मेळाव्यात त्यांनी हजारो लोकांची तपासणी केली. अलोंड्रा नेल्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या इतिहासावर उत्तम काम केलं आहे. एमएला असताना ते माझ्या हाती लागलं असतं तर बरं झालं असतं. निक्सनसारख्या राष्ट्राध्यक्षालाही सिकलसेलसाठी ६० लाख डॉलरची घोषणा करावी लागली, आणि १६ मे १९७२ रोजी सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. निधी देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला तिचा प्रश्न बदलायला लावला, तो मोजलेल्या आकड्यांनी आणि रस्त्यावरच्या लोकांनी.

त्याच १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून नाव घेतलं, बाणा घेतला. त्यांनी जे केलं त्याचं ऋण आपल्यावर आहे, आणि त्या वेळी गावोगावी बहिष्कार, बलात्कार, खून चालू असताना त्यांनी दवाखाने काढायला हवे होते असं म्हणणं कृतघ्नपणा होईल. पण पन्नास वर्षांनंतर तरी बघायला नको का? ज्या पँथरचं नाव आपण घेतलं, त्यांच्या मोहिमांपैकी एक मोठी मोहीम आपल्याच रक्तात असलेल्या आजारावरची होती. नाव आलं, तो दवाखाना आला नाही. विदर्भातल्या बौद्ध घरांत पोरं सांधे धरून रडत राहिली, 'वात आहे', 'बाहेरचं आहे' म्हणून अंगारे लावले गेले. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा.

अमेरिकेतलं सगळं घेण्यासारखं होतं असंही नाही. तिथे काही राज्यांनी समुपदेशनाची सोय न करता तपासणी सक्तीची केली आणि निरोगी वाहकांवरही शिक्का बसला. हवाई दलाच्या अकादमीने वाहक तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेशच दिला नाही. हा धोका आपल्याकडे जास्त आहे, कारण इथे शिक्का मारायला जात आधीच तयार आहे. 'महारांचा आजार', 'आदिवासींचा आजार' हे शब्द मी सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकले आहेत. सत्य असं की हा जनुकीय बदल मलेरियाच्या प्रदेशात टिकला, कारण तो एकेरी असला तर मलेरियापासून संरक्षण देतो. विदर्भात तो गोंड, माडिया, परधान, महार यांच्यात आहे, तसा तेली, कुणबी समाजातही आढळतो. आणि तो एकाच गटात घट्ट का राहतो, याचं उत्तर बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात आहे. त्या निबंधात जनुकांविषयी काही नाही. जातीचा प्राण म्हणजे सजातीय विवाह, एवढंच त्यात सिद्ध केलं आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून 'जातीबाहेर लग्न केलं की आजार गेला' असंही कोणी समजू नये. वाहक जोडीदार दुसऱ्या जातीतही भेटू शकतो. पत्रिका आपण टाकून दिली, आता रक्ताचा रिपोर्ट बघायला शिकलं पाहिजे.

आयसीएमआरने या आजारावर काम केलं नाही का? केलं. मुंबईच्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षं केलं. भारतातला सिकलसेल सौम्य असतो हा जुना समज नागपूरच्या मुलांच्या नोंदींनी ढिला पाडला. कमी मात्रेतलं हायड्रॉक्सियुरियाही आपल्या मुलांना उपयोगी पडतं, हे नागपूरच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये दाखवलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरच्या हिमोग्लोबिन विकारांच्या केंद्राचं लोकार्पण झालं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर झाली: १७ राज्यं, ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं लक्ष्य. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा, आदिवासी बांधवांच्या वाट्याचा एक रुपयाही कोणी मागत नाही. पण 'सिकलसेल म्हणजे आदिवासी' एवढंच चित्र पोस्टरवर राहिलं, तर शहरातल्या झोपडपट्टीतली बौद्ध आई म्हणते, हे आपल्यासाठी नाही. आणि तपासणीचं लक्ष्य गाठणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे, हे त्या आजींच्या नातवाने आधीच सिद्ध केलं आहे.

विदर्भातल्या सिकलसेलवरचे शोधनिबंध उघडा. त्यात जातनिहाय तक्ते असतात: महार, नवबौद्ध, गोंड, तेली, कुणबी, किती टक्के वाहक, किती रुग्ण. म्हणजे रक्त मोजताना जात मोजली जाते. आता निधीचे अहवाल उघडा. प्रकल्पाचं नाव, कॉलेज, प्रमुख संशोधक, रक्कम. मी पाहिलेल्या अहवालांत जातीचा रकाना नव्हता. आयसीएमआर एक पैसा स्वतःच्या पंचवीसहून अधिक संस्थांवर खर्च करते आणि दुसरा बाहेरच्या कॉलेजांना प्रकल्पांसाठी देते. प्रस्ताव लिहिणारा प्राध्यापक, तो तपासणारे तज्ज्ञ, मंजूर करणारी समिती, हे कोणत्या समाजातून येतात? कोणत्या आजारावर दर रुग्णामागे किती पैसा जातो? डॉ. स्कॉट यांनी १९७० मध्ये मांडला तो हिशेब आपल्याकडे अजून कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. तो मांडायला एमबीबीएस लागत नाही.

आम्ही वस्तीत एक रजिस्टर सुरू केलं आहे. कोणाचं रक्त, कोणत्या साली, कोणी नेलं, संमतीचा कागद दाखवला का, रिपोर्ट मिळाला का. त्या आजींच्या नातवाची तपासणी आता पुन्हा करून घेतली, या वेळी रिपोर्ट हातात घेऊनच परतलो. नातवाला आजार आहे आणि गोळ्या सुरू झाल्या आहेत. सोबतच माहिती अधिकाराचा एक अर्ज तयार होतो आहे: गेल्या दहा वर्षांत सिकलसेलवर आयसीएमआरने दिलेला निधी, वर्षनिहाय आणि संस्थानिहाय, त्यातून झालेल्या तपासण्या, आणि त्यातल्या किती लोकांना रिपोर्ट लेखी दिले. ज्यांच्या वस्तीत, गावात अशी तपासणी झाली आहे, त्यांनी आपापल्या नोंदी जमवायला सुरुवात करावी. अर्जाचा मसुदा झाला की इथेच टाकते.

जय भीम.